एका खिळ्याची परवानगी

भाड्याच्या घरात माणसाला पुष्कळ काही करता येतं. जेवता येतं, झोपता येतं, आजारी पडता येतं, आणि भाडं चुकतं केलेलं असेल तर सुखाने मरताही येतं. खिळा तेवढा ठोकता येत नाही. नियमकाकांच्या करारनाम्यात हे कलम पहिल्याच पानावर होतं. भाडेकरूने कोणत्याही भिंतीत, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही मापाचा खिळा ठोकू नये. घराला आग लावू नये हे कलम त्याच्या बरंच नंतर, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होतं.

नियमकाकांनी हे कलम इतकी वर्षं पाळलं यात नवल काही नाही. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवतही नव्हतं. बस आगारात हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते, तिच्यामागे ते बसत. तुमची छत्री समोरच्या फळीवर तुम्हाला दिसत असली तरी काका ती हातात देत नसत. आधी वर्णन सांगायचं. मूठ कशाची, काडी कुठली वाकलेली, ठिगळ कुठे आहे. एकदा खुद्द आगारप्रमुखांची छत्री हरवली आणि साहेबांना मूठ लाकडी की प्लास्टिकची ते सांगता येईना. काकांनी साहेबांना भिजत घरी पाठवलं. "वस्तू ज्याची असते त्याला ती माहीत असते," असं ते म्हणत, आणि त्यांच्यापुरता तो सगळ्या कायद्याचा पाया होता.

अशा माणसाला आगाराने दीर्घ सेवेबद्दल भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घड्याळ चांगलं परातीएवढं होतं. बहुधा ते आगारातच लावायला मागवलं असावं आणि तिथे कुणी लावून घेतलं नसावं. काकांनी ते छातीशी धरून बसमधून घरी आणलं आणि हॉलमधल्या खुर्चीवर ठेवलं. त्या दिवसापासून घरातली एक खुर्ची घड्याळाची झाली. पाहुणा आला की काकू म्हणायच्या, "तिथे नका बसू, तिथे वेळ बसलीय." पाहुणा उभा राहायचा आणि लवकर जायचा. हा फायदा सोडला तर त्या घड्याळाने काकूंचं डोकं उठवलं होतं.

"अहो, भिंतीवरचं घड्याळ भिंतीवर असावं, एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"भिंत आपली नाही."

"मग घड्याळ तरी कशाला घेतलंत? घरमालकाला द्यायचं होतं."

हे काकांना लागलं. लागणारच, कारण घरमालकाचं नाव काढलं की त्या गल्लीत कुणालाही लागायचं. हा घरमालक गल्लीत चावीवाला म्हणून ओळखला जाई. तो गल्लीत राहत नव्हता, शहरात तरी राहत होता की नाही देव जाणे. पण कुणाची बदली झाली, कुणी म्हातारं गेलं, कुणा भावाभावांचं फाटलं, की घर विकायला निघायचं आणि ते घरातल्या निम्म्या माणसांच्या आधी याला कळायचं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्सबाई आणि तिचा नवरा किती वर्षं पोटाला चिमटा काढून घर बघत होते. दर वेळी ते विसार घेऊन जात आणि दर वेळी चावीवाल्याचा एजंट जिन्यावरून मिशी पुसत खाली येत असे. पुढच्या महिन्यात तेच घर त्याच नर्सबाईला भाड्याने मिळत असे, आणि वर उपकार केल्याच्या थाटात. न्हावी म्हणायचा, "एकदा त्याला माझ्या खुर्चीत बसवा, बाकीचं मी बघतो." पण चावीवाला कधी आला नाही. तो उंटावरून शेळ्या हाकत होता, आणि शेळ्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गुपचूप दूध देत होत्या.

काका या बाबतीत फार तळमळून बोलत. "समजा, आगारातल्या सगळ्या छत्र्या एकाच माणसाने विकत घेऊन ठेवल्या," ते म्हणत, "आणि पाऊस लागल्यावर तासाच्या बोलीने भिजणाऱ्यांना दिल्या, तर लोक त्याला बदडतील की नाही? मग घरं घेऊन ठेवणाऱ्याला खुर्ची का देतात?" लोक माना डोलवत. मग कुणीतरी विचारी, "पण काका, तुमचं घड्याळ अजून खुर्चीवरच का?" आणि सभा संपे.

शेवटी काकांनी नियमाने जायचं ठरवलं. एका खिळ्याची परवानगी मागणारा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. खिळ्याची लांबी, जाडी, भिंतीवरची जागा, घड्याळाचं वजन, सगळं दिलं. आठवड्याभराने एजंटचा फोन आला.

"काका, खिळा नाही."

"एकच आहे."

"आज एक खिळा, उद्या कपाट, परवा म्हणाल घर आमचंच. चिकटवायचा हुक मिळतो बाजारात, तो लावा. पण काढताना रंग निघाला तर भरून द्यावा लागेल."

हुक आणला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर सल्ला द्यायला आले, कारण ते सल्ला द्यायला नेहमीच येत. हुक पुसून लावा म्हणाले, ओला लावा म्हणाले, मग म्हणाले की खरं तर हुकावर त्यांचा विश्वासच नाही. काकांनी हुक लावला, घड्याळ अडकवलं, दोन पावलं मागे सरकून कौतुकाने पाहिलं. घड्याळ रात्रभर टिकलं. सकाळी काका त्याच्याखाली उभं राहून बुटाची नाडी बांधत असताना ते सुटलं आणि सरळ त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आलं. घड्याळाला ओरखडा नाही. आगारातल्या भेटवस्तू दणकट असतात, काकांचा अंगठा तेवढा नव्हता.

आता रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? 'घड्याळ पडल्यामुळे' असं लिहिलं तर साहेब विचारणार, कुठलं घड्याळ? आगाराने सन्मानाने दिलेलं घड्याळ भिंतीला लावायची या माणसाची ऐपत नाही, हे सगळ्या आगाराला कळणार. काकांनी 'अंगठा' एवढंच लिहिलं, एक दिवस घरी बसले आणि मग लंगडत कामावर जात राहिले. पण आत काहीतरी तुटलं होतं. एवढी वर्षं या भिंतींना आपण पुसलं, त्यांची ओल अंगावर काढली, त्यांच्याशी बोललो. आणि एक खिळा? ज्याने ही भिंत कधी पाहिलीसुद्धा नाही, तो नाही म्हणतो?

रविवारी सकाळी त्यांनी ओव्हरसियरांकडून हातोडी मागून आणली.

एवढ्या मोठ्या गोष्टीची बातमी लपत नाही. नियमकाका नियम मोडणार म्हटल्यावर मजल्यावरची सगळी माणसं दारात गोळा झाली. नर्सबाई पट्टी घेऊन आली होती. काकूंनी खुर्ची धरली. काका खुर्चीवर चढले, खिळा धरला, डोळे मिटले आणि घाव घातला.

खिळा लोण्यात सुरी जावी तसा गेला. अर्धा गेला, पाऊण गेला, डोकं तेवढं बाहेर उरलं. काका हातात नुसती हातोडी धरून उभे. आणि भिंतीपलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, "थांबवलंत का? थोडा अजून आत येऊ दे की. माझी पिशवी अडकत नाहीये."

पलीकडे टेलर राहायचा, आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर. काका आणि टेलर यांचं भांडण जुनं होतं. टेलरचं मशीन सकाळपासून घरघरत असे आणि काका लाटण्याने भिंतीवर ठोकत असत. टेलर कात्रीने उलट ठोकत असे. इतक्या वेळा ठोकलं, पण भिंत पोकळ वाजते हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. रागावलेल्या माणसाला आपलाच आवाज ऐकू येतो.

"पक्कड द्या," काका म्हणाले. पक्कड लावून त्यांनी खिळा ओढला. पलीकडून म्हातारी पिशवी ओढत होती. भिंतीने दोघांचं जरा वेळ ऐकून घेतलं आणि मग ती आली. म्हणजे भिंत नाही आली, तिच्यातली दाराएवढी फळी आली, रंगाच्या पोपड्यांसकट, काकांना घेऊन खाली. धूळ बसली तेव्हा समोर टेलर बनियनवर, मशीनवर पाय तसाच, कुणाची तरी पँट हातात. शेजारी त्याची आई, पिशवी छातीशी धरून.

"या," म्हातारी म्हणाली. "एवढ्या वर्षांनी आलात, चहा घेऊनच जा."

ओव्हरसियरांनी भोकात हात घातला. इकडून प्लायवूड, तिकडून प्लायवूड, मध्ये हवा आणि एक मेलेली पाल. "ही भिंतच नाही," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मत कुणी खोडलं नाही.

मग हळूहळू सगळ्याचा उलगडा होऊ लागला. काकांच्या हॉलमधली खिडकी एकपाखी का होती? कारण दुसरं पाखं टेलरकडे होतं. काकांचा पंखा असा भिंतीला चिकटून का होता, की त्याचं वारं फक्त पालीला लागायचं? कारण तो मूळच्या खोलीच्या मधोमध होता. काकूंना इतकी वर्षं वाटत होतं की बांधणारा वेडा होता. बांधणारा शहाणाच होता, विकत घेणारा त्याहून शहाणा निघाला. एका घराच्या पोटात फळी घालून त्याने दोन घरं केली होती, दोघांकडून भाडं घेतलं होतं, आणि कुणी खिळा ठोकून ते उघडं पाडू नये म्हणून कलम पहिल्या पानावर घातलं होतं. आग लागली असती तरी त्याला चाललं असतं. आग खिळ्याएवढी चौकशी करत नाही.

काकांना इतका संताप आला की त्यांना बोलता येईना. काकू बोलल्या. "म्हणजे मी गेली इतकी वर्षं अर्ध्या खिडकीतून बाहेर बघतेय?" एवढंच त्या म्हणाल्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या तो ऐकून खालच्या दुकानदाराने रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी काका लंगडत नगरपालिकेत गेले. घरबांधणी विभागातल्या कारकुनाने मोठं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि चेहरा वाकडा केला.

"सात-अ? असं घर नाही."

"मी राहतो तिथे."

"राहत असाल. पण ते नाहीये. सात आहे, सात-अ नाही. नसलेल्या घरातल्या माणसाची तक्रार घेता येत नाही."

"पण घर नाही हीच तर माझी तक्रार आहे!"

"मग बरोबरच आहे ना. तुमचं आणि आमचं एकमत आहे."

काका चरफडले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चोर घरी बसला होता आणि बोंबा सरकारी कचेरीतून येत होत्या. वाईट याचं वाटलं की कारकून नियमानेच बोलत होता. काका त्याच्या खिडकीमागे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. शेवटी तक्रार टेलरच्या नावाने केली, कारण सात नंबरची पाटी टेलरच्या दारावर होती. काकांचा उल्लेख त्यात 'तक्रारदाराचा शेजारी' असा एका ओळीत आला. ज्या माणसाच्या मशीनवर आपण आयुष्यभर लाटणं आपटलं, त्याच्या तक्रारीतली आपण एक ओळ झालो, हे काकांना अंगठ्यापेक्षा जास्त दुखलं.

पाहणीला अधिकारी आले. त्यांच्याबरोबर एक स्थूल, नीटनेटके गृहस्थ होते, बोटात चाव्यांचा भला मोठा जुडगा. चावीवाला गल्लीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. जिन्यावर माणसं दाटीवाटीने उभी राहिली. न्हावी दुकान बंद करून आला होता.

अधिकाऱ्यांनी फळीचं माप घेतलं, मग हळूच काकांना विचारलं, "खिळा ठोकायला गेलात आणि हे निघालं?"

"हो."

"आमचाही मालक ठोकू देत नाही," अधिकारी पुटपुटले आणि पुन्हा माप घेऊ लागले.

चावीवाला मात्र पायातले बूट न काढता हॉलच्या मधोमध उभा होता. "माझं घर आहे," तो म्हणाला. "त्यात फळी घालीन नाहीतर झुला बांधीन. विचारणारे तुम्ही कोण?"

काका पुढे झाले. हे ठरवून झालं नाही. समोर माणूस उभा राहून 'ही वस्तू माझी' म्हणाला, की त्यांच्या तोंडून जे येत असे तेच आलं. "तुमचं ना? मग वर्णन सांगा. या घराला खिडक्या किती?"

"काय?"

"खिडक्या. मोजू नका, आठवून सांगा."

"चार."

"तीन!" जिन्यावरून आवाज आला.

"स्वयंपाकघराचं दार आत उघडतं की बाहेर?"

"उघडतं ना! उघडतंय तर तक्रार कसली?"

"गळतं कुठे?"

"माझं एकही घर गळत नाही!"

यावर जो हशा पिकला त्याने फळीचा उरलेला रंगही पडला. नर्सबाई हसता हसता रडायला लागली. काका म्हणाले, "आमच्या आगारातल्या खिडकीवर तुम्हाला हातरुमालसुद्धा मिळाला नसता."

गल्लीला वाटलं, झालं, जिंकलो. पण अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि मान हलवली. "काका, तुमचं म्हणणं पटतं मला. पण ही बसमधली छत्री नाही. कागद यांच्या नावावर आहेत. भिंत पाडायला लावतो, दंडही होईल. पण मग इथे सात नंबरचं एकच घर उरतं. टेलरांचा करार सातचा आहे, तो राहील. तुमचा सात-अचा आहे. घरच नाही म्हटल्यावर करारही नाही."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला जावं लागेल, वहिनी. एका घरात एकच कुटुंब, असा करार आहे."

चावीवाल्याच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला. "मी कुणाला काढत नाही बरं का," तो म्हणाला. "कायदाच काढतोय. खिळा तुम्हीच ठोकलात."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. फळी याने घातली, दुप्पट भाडं याने खाल्लं, खोटा नंबर याने लावला, आणि घराबाहेर कोण जाणार, तर ज्याने एक घड्याळ भिंतीवर लावायचं म्हटलं तो. आणि कुठे जाणार? या शहरात ज्या दारावर टकटक करावी तिथून हाच माणूस चाव्या वाजवत बाहेर येणार. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चावीवाल्यासमोर आलं याचा त्यांना पाण्याहून जास्त राग आला.

टेलर मान खाली घालून उभा होता. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. पुरी खिडकी, मधोमध पंखा आणि लाटण्यापासून कायमची सुटका, सगळं आयतं पदरात पडत होतं. त्याने आईकडे पाहिलं.

"साहेब," म्हातारी म्हणाली, "कुटुंब एकच आहे."

"म्हणजे काय, आजी?"

म्हातारीने काकांकडे बोट केलं. "हा थोरला माझा. तो धाकटा. दोघांचं पटत नाही, म्हणून मध्ये फळी होती."

"खोटं आहे!" चावीवाला ओरडला. "आडनावं वेगळी आहेत!"

"आडनावं काय घेऊन बसलात? सकाळी उठल्याबरोबर हा किती शिंकतो, कुठल्या गोष्टीवरून बायकोवर चिडतो आणि चिडल्यावर किती वेळाने चहा करून देतो, सगळं ठाऊक आहे मला. तुम्हाला तुमच्या पोराचं एवढं ठाऊक आहे का?"

अधिकारी काकांकडे वळले. पेन हातात होतं. "काका, लिहू ना? या तुमच्या कोण?"

सगळी गल्ली काकांकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं, या माणसाने आयुष्यात एकाही रकान्यात खोटं भरलेलं नाही. काकांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांनी घसा साफ केला. काकूंनी हळूच त्यांच्या पाठीत एक बोट टोचलं. काकांनी चावीवाल्याच्या बुटांकडे पाहिलं, त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, आणि ज्या माणसापायी आपल्यावर ही वेळ आली त्याचा त्यांना असा राग आला की खोटं बोलण्याची लाजच उरली नाही.

"आई," ते म्हणाले. मग जिन्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी आई आहे ती."

"झालं तर," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी भराभर लिहून टाकलं. "एक घर, एक कुटुंब, एक भाडं." चावीवाला हातवारे करून बरंच काही बोलला, पण न्हाव्याने इतक्या जोरात शिट्टी मारली की त्यातलं कुणाला काही कळलं नाही.

काका अजून तिथेच खिळल्यासारखे उभे होते. आतापर्यंत त्यांना अहो-जाहो करणाऱ्या म्हातारीने त्यांना खांद्याला धरून दाराकडे वळवलं. "असा काय बघत राहिलास? थोरला ना तू? जा, त्या माणसाला जिन्यापर्यंत सोडून ये. आणि येताना दार लावून घे रे, हल्ली वाटेल ते लोक घरात शिरतात."

"हो, आई," काका म्हणाले. चावीवाला जिना उतरून गेल्यावर त्यांनी दार नीट लावून घेतलं.